क्निडोसचा अगस्ती

हिल्सबरो, ऑकलंड
१२ जून १९९६

प्रिय सुलेखा,

पाडव्याला तू पाठवलेलं पंचांग या देशात कुचकामी आहे, हे तुला नम्रपणे कळवतो. त्यात वैशाखात 'अगस्ति लोप' छापलंय. म्हणजे अगस्तीचा तारा आता भाद्रपदापर्यंत दिसायचा नाही. आणि इथे तो रोज संध्याकाळी आमच्या गॅलरीतून नैर्ऋत्येला हजर! कौमुदी औषधांच्या दुकानातून सहाला घरी येते आणि म्हणते, "बाबा, तुमचा तारा आलाय, बघून घ्या, मग कुकर लावते." अशी सून मिळायला भाग्य लागतं. अभिषेकला तिच्या निम्मी जरी हौस असती तरी चाललं असतं, पण चिरंजीव हॉस्पिटलातून येतात ते झोपण्यापुरते.

आता मुद्द्याचं. लायब्ररीतून क्निडोसवरचं एक पुस्तक आणलंय. अनुया मला रोज दोन पानं मोठ्याने वाचून दाखवते. (नऊ वर्षांची झाली, तिला वाचनाची गोडी लागावी म्हणून.) आपण बी. जे.ला असताना वैद्यकाच्या इतिहासाच्या तासाला दोघंच जागे असायचो, आठवतं? तेव्हा ऐकलेलं क्निडोस. आशिया मायनरच्या, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या, पार नैर्ऋत्य टोकाला, समुद्रात घुसलेल्या भूशिरावर वसलेलं ग्रीक शहर, दोन बंदरं आणि वैद्यांची शाळा. पण मास्तरांनी एक गोष्ट सांगितलीच नव्हती. तिथल्या युडोक्सस नावाच्या माणसाने तेवीसशे वर्षांपूर्वी आपल्या वेधशाळेतून अगस्ती पाहिला होता. तोही आधी वैद्यकी शिकलेला!

मी नकाशा काढला. क्निडोस विषुववृत्ताच्या उत्तरेला पावणेसदतीस अंश. ऑकलंड दक्षिणेला जवळजवळ तितकंच. म्हणजे काय होतं बघ. तिथे अगस्ती क्षितिजावर जेमतेम डोकं काढतो आणि बुडतो. इथे तो जेमतेम क्षितिजाला टेकतो आणि पुन्हा वर चढतो. तिथे उगवता न उगवता, इथे मावळता न मावळता. पृथ्वीच्या पाठीवरच्या दोन कडा, आणि एकच तारा दोन्हींना शिवून जातो. हे लक्षात आलं तेव्हा अंगावर काटा आला, खरंच सांगतो. लायब्ररीतल्या माओरी बाईंना सांगितलं तर म्हणाल्या, आम्ही त्याला अटुटाही म्हणतो, तो आकाशगंगेच्या बाहेर एकटाच राहतो.

तर आपण दोघांनी क्निडोसला जायचं. फेब्रुवारीच्या शेवटी तिथे तो संध्याकाळी दिसतो. नाही म्हणू नकोस.

जाता जाता, एका पेशंटबद्दल विचारायचं होतं. आमच्या मराठी मंडळात एक गृहस्थ आहेत, वय सदुसष्ट. उजवा डोळा काचबिंदूने गेला, डाव्यात आता मोतीबिंदू. एकच डोळा, म्हणून घाबरतात. काय सांगू त्यांना?

तुझा,
गुरुनाथ


मिरज
३ जुलै १९९६

प्रिय गुरुनाथ,

पंचांगाला नावं ठेवू नकोस. ते सांगली-मिरजेच्या माणसांसाठी असतं, आणि तू आमचा राहिलेला नाहीस. अगस्तीही असाच, विंध्य पर्वताला "मी येईपर्यंत वाकून राहा" म्हणाला, दक्षिणेला गेला आणि परतलाच नाही. तीन वर्षं झाली तुला जाऊन. आम्ही वाकलेलेच आहोत.

क्निडोस! तुझं पत्र वाचून दिवसभर माझं कामात लक्ष नव्हतं. त्यांचे वैद्य मला नेहमीच जवळचे वाटत आले. शेजारच्या कोस बेटावरचे वैद्य म्हणायचे, माणूस पाहा, पुढे काय होणार ते ओळखा. क्निडोसवाले म्हणायचे, आधी रोग नीट ओळखा, त्याचे प्रकार पाडा, प्रत्येकाला नाव द्या. कोसवाले त्यांना हसत. पण विचार कर, ज्या दुखण्याला तोवर नावच नव्हतं त्याला पहिल्यांदा नाव देणारी माणसं कसली असतील! मी आयुष्यभर अर्ध्या सेंटिमीटरच्या बाहुलीत डोकावले, मला त्यांचं कौतुक वाटतं. आणि तुझी ती दोन कडांची गोष्ट मी तीनदा वाचली. येते मी. गुडघे कुरकुरतील, त्यांना विचारतो कोण.

तुझ्या गृहस्थांना सांग, ऑपरेशन करून घ्या. एकच डोळा आहे म्हणून तर करायचं. आणि तिथेच करा. तिथले सर्जन उत्तम आहेत, उगाच इकडे मिरजेला कुणी धाडू नकोस. माझी मंगळवारची यादी आधीच फुगलेली असते, परवा सहा मोतीबिंदू काढले.

सुलेखा


हिल्सबरो
१६ सप्टेंबर १९९६

प्रिय सुलेखा,

पाहिला! शनिवारी, चौदा तारखेला, सव्वासात वाजता.

आमचं घर उतारावर आहे आणि दक्षिणेला मनुकाऊ बंदराचं पाणी पसरलेलं. गॅलरीत खुर्ची टाकून, दोन स्वेटर चढवून बसलो. कौमुदी शेजारी उभी. अगस्ती उजवीकडून हळूहळू उतरत आला. पलीकडच्या किनाऱ्याच्या टेकड्यांपर्यंत आला, आणि क्षितिजाला टेकला तेव्हा हिऱ्यासारखा लखलखत होता, सुलेखा! शुभ्र, स्थिर, पाण्यात त्याची तिरीप पडलेली. क्षणभर थांबला आणि डावीकडे सरकून पुन्हा वर निघाला. त्या क्षणी वाटलं, अर्ध्या पृथ्वीपलीकडे क्निडोसच्या कड्यावर कुणीतरी उभं आहे आणि आमच्या दोघांमध्ये हा एकच दिवा आहे.

अनुया पुस्तक पुढे वाचतेय. परवाचं पान ऐक. इराणी फौज चालून येते आहे म्हणून क्निडोसच्या लोकांनी ठरवलं, आपलं भूशिर जमिनीला जिथे जोडलंय ती चिंचोळी पट्टी खणून काढायची. म्हणजे शहराचं बेट होईल. सगळं गाव खणायला लागलं. पण दगडाच्या कपच्या उडून माणसं जखमी व्हायला लागली, आणि त्यातही डोळ्यांना! इतकी की हे काही साधं नाही असं त्यांना वाटलं. देवाला कौल लावला. देव म्हणाला, खणू नका. बेट करायचं असतं तर मीच केलं नसतं का? त्यांनी कुदळी खाली ठेवल्या.

ही गोष्ट मी त्या गृहस्थांना सांगितली. ते म्हणाले, हाच माझा कौल. आहे तेवढं पुरे, खणायला नको. मला त्यांचं पटलं.

विमानाच्या तिकिटांची चौकशी करतो.

गुरुनाथ


मिरज
८ ऑक्टोबर १९९६

गुरुनाथ,

फोन करणार होते. पण फोनवर तू हसून वेळ मारून नेतोस, म्हणून लिहितेय.

क्षितिजाला टेकलेला तारा हिऱ्यासारखा लखलखत नाही. कुठलाच नाही. तिथे हवेचा थर इतका जाड असतो की तो तांबूस होतो, फिका पडतो आणि टेकायच्या आधीच विरून जातो. हे तूच मला एक्कावन्न साली पर्वतीवर उभं राहून शिकवलं होतंस. ज्याने डोळ्यांनी पाहिलं तो असं लिहिणार नाही. ज्याने शेजारी उभ्या असलेल्या सुनेला "आहे ना अजून?" असं विचारलं आणि बाकीचं मनाने भरलं, तोच लिहील.

क्निडोसचाच एक वैद्य होता, क्तेसियास, इराणच्या बादशहाच्या पदरी. त्याने हिंदुस्थानवर अख्खा ग्रंथ लिहिला. इकडे रानगाढवांना एक शिंग असतं वगैरे. स्वतः कधी आला नाही, ऐकीव गोष्टी ठोकून दिल्या. तू त्याच्या शाळेतला शोभतोस.

ते गृहस्थ तूच आहेस. शंका पहिल्याच पत्रात आली होती. तुझ्या ओळी आता उजवीकडे चढत जातात आणि शेवटचा शब्द पानाबाहेर पडतो. नातीला वाचनाची गोडी लावतोय म्हणे! उजवा डोळा गेल्याचं तू मला तीन वर्षं सांगितलं नाहीस. डोळ्यांच्या डॉक्टरला. मला किती लागलं असेल, याचा विचार तरी केलास का?

आणि कौलाची गोष्ट पुढे वाचायला सांग तिला. खणणं थांबवलं, मग काय झालं? इराणी सेनापती आला आणि क्निडोसकरांनी न लढता शहर त्याच्या हवाली केलं. त्यात वाचले असतील, मला माहीत नाही. पण मोतीबिंदू सेनापती नाही. त्याच्याशी तह होत नाही. तो सगळं घेतो.

अभिषेकला आजच्या आज सांग.

सुलेखा


हिल्सबरो
१ नोव्हेंबर १९९६

सुलेखा,

ठीक. पकडलंस. कौमुदीला मी विचारत होतो, ती "हो बाबा, खूप छान" म्हणत होती. तिला काय कल्पना मी काय विचारतोय ते. मला तिथे नुसता धुरकट अंधार दिसत होता. जूनपर्यंत निदान एक पांढरा डाग दिसायचा.

उजव्या डोळ्याचं घरात सगळ्यांना ठाऊक आहे. थेंब कौमुदीच आणून देते. डाव्याचं कुणालाच माहीत नाही. कोपऱ्यावरच्या डेअरीपर्यंत पावलं मोजून जातो, दूध आणतो, कुणाला पत्ता लागत नाही. सकाळी जागा होतो तेव्हा डोळे उघडायला भीती वाटते. आज किती उरलंय, असं मनात येतं. आणि तू म्हणतेस, त्या उरलेल्यावर चाकू चालवू दे.

तर माझंही ऐक. मी दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही. तू कर. तुझ्या हाताखाली मी एक्स्ट्रा लाइट धरून उभा राहिलोय, तो हात मी पाहिलाय. बुबुळाच्या कडेला छेद घेताना तू श्वास सोडायचीस आणि हात दगडासारखा स्थिर व्हायचा. मी जानेवारीत मिरजेला येतो. तू नाही म्हणालीस तर मी असाच राहीन. हा माझा शेवटचा शब्द.

एवढं सोपं सोडून "तिथेच करा, इकडे धाडू नकोस" असं तू का लिहिलंस, याचं मला अजून नवल वाटतं. मंगळवारच्या यादीत माझ्यासाठी एक जागा नसावी?

गुरुनाथ


मिरज
२० नोव्हेंबर १९९६

गुरुनाथ,

मंगळवारची यादी नाही. ते मी तुला खोटं लिहिलं.

माझा हात थरथरतो. उजवा आधी, आता डावाही थोडा. सुरुवात झाली तेव्हा मी समोरच्या बाईचा डोळा उघडून बसले होते. श्वास सोडला, आणि हात स्थिर झाला नाही. सिस्टरने माझ्याकडे पाहिलं. तो डोळा मी माझ्या असिस्टंटच्या हवाली केला, हात धुतले आणि बाहेर येऊन बाकावर बसले. त्यानंतर चाकू हातात घेतला नाही. आता ओपीडीत बसते, चष्म्याचे नंबर देते. हा पार्किन्सन्स आहे. क्निडोसवाल्यांनी त्याला कोणतं नाव दिलं असतं कोण जाणे. नाव कळलं की धीर येतो असं मला वाटायचं. आला नाही.

तुला कळवलं नाही, कारण जगात एक माणूस तरी असा हवा होता ज्याच्या लेखी माझा हात अजून दगडासारखा आहे.

म्हणजे आपण दोघं सारखेच. पण एक फरक आहे. माझ्या हातावर कुणी ऑपरेशन करून तो परत देऊ शकत नाही. तुझ्या डोळ्यावर करू शकतं, अर्ध्या तासात. तुझ्या जागी मी असते तर आत्ताच्या आत्ता टेबलावर जाऊन झोपले असते. याहून जास्त मी लिहू शकत नाही.

तुला माझं अक्षर दिसलं असतं तर मला हे सांगावंच लागलं नसतं.

सुलेखा


हिल्सबरो
२५ फेब्रुवारी १९९७

आदरणीय सुलेखामावशी,

मी कौमुदी, गुरुनाथांची सून. आपण भेटलेलो नाही. बाबांनी मला लिहायला सांगितलंय, कारण त्यांना अजून आठवडाभर वाकून लिहायची परवानगी नाही. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन तेरा तारखेला झालं. डोळा छान आहे.

मधल्या दिवसांत काय झालं ते मी माझ्या मनाने सांगते. तुमचं नोव्हेंबरचं पत्र आलं तेव्हा बाबा भिंगाखाली धरून बराच वेळ बसले होते. मग मला हाक मारली आणि म्हणाले, "जरा वाचून दाखव. प्रकाश कमी आहे." भर दुपार होती, मावशी. तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी फार्मसिस्ट आहे, दिवसभर म्हाताऱ्या माणसांना डोळ्यांचे थेंब देते, आणि माझ्या घरातलं मला दिसलं नव्हतं.

मी वाचलं. शेवटची ओळ वाचल्यावर त्यांनी विचारलं, "अक्षर कसं आहे?" मी म्हणाले, कापरं आहे. म्हणाले, "कपाटातून तिची सगळी पत्रं आण." तीन वर्षांची पत्रं होती. मी एकेक उघडून सांगत गेले, हे कापरं, हेही कापरं, हे थोडं कमी. जून चौऱ्याण्णवच्या पत्रापाशी आलो तेव्हा अक्षर अगदी सरळ होतं. त्याच्या पुढच्यापासून सुरुवात होती. बाबा म्हणाले, "अडीच वर्षं ती मला हे सांगत होती आणि मी तिची पत्रं भिंगातून वाचून हसत होतो." मग ते रडले. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी अभिषेक आल्यावर त्यांनी स्वतः त्याला सांगितलं. अभिषेक आधी खूप चिडला, मग त्याने हॉस्पिटलात फोन लावला. ऑपरेशन करणारी मुलगी माझ्याहून लहान दिसत होती. बाबांनी तिला विचारलं, "छेद घेताना तू श्वास सोडतेस का?" ती म्हणाली, "Always." तेव्हा ते झोपले.

पट्टी काढल्यावर त्यांनी आधी अनुयाकडे पाहिलं, आणि म्हणाले, "हिला एवढे तीळ कधी आले?"

पुढच्या वर्षी फेब्रुवारीत तुम्ही त्यांच्याबरोबर जाणार आहात, असं ते सगळ्यांना सांगत सुटलेत. जमेल ना?

आपली,
कौमुदी


दाचा, तुर्कस्तान
१ मार्च १९९८

चि. कौमुदीस अनेक आशीर्वाद.

हे पत्र मी चष्म्याशिवाय... नाही, थापा मारणं बंद केलंय. चष्मा लावूनच लिहितोय.

काल क्निडोसला गेलो. दाचा गावातून टॅक्सीने तासाभराचा खडबडीत रस्ता. सुलेखा पुढच्या सीटवर, एक हात दुसऱ्या हाताने दाबून धरलेला. रस्ता संपला आणि आम्ही उतरलो. समोर दोन बंदरं, मधे जमिनीची एक पट्टी, आणि डोंगरावर चढत गेलेलं आख्खं शहर, दगड होऊन पडलेलं. एक माणूस दिसत नाही. समुद्राकडे तोंड करून नाट्यगृहाच्या पायऱ्या. प्रेमाच्या देवीचं गोल देऊळ होतं, त्याचा चौथरा. मूर्ती चारी बाजूंनी पाहता यावी म्हणून गोल बांधलेलं म्हणे, नुसती ती पाहायला लोक समुद्र ओलांडून यायचे. सुलेखा चौथऱ्याभोवती हळूहळू एक पूर्ण फेरी मारून आली. म्हणाली, "काहीच नाही, आणि तरी नमस्कार करावासा वाटतो." तेवीसशे-चोवीसशे वर्षांपूर्वी इथे रोगांना नावं दिली, ताऱ्यांची नोंद केली, आणि मी सांगलीतला एक साधा डॉक्टर या दगडांवर उभा होतो. माझी तिथे उभं राहायची लायकी नाही असं वाटलं.

अंधार पडला तेव्हा घोटाळा लक्षात आला. दक्षिणेला समुद्रात बरोबर आडवं एक बेट आहे, तिलोस. खाली नाट्यगृहापाशी उभं राहिलं तर अगस्तीची जागा त्या बेटाच्या डोंगरामागे जाते. वर चढायला हवं होतं. सुलेखाने दहा पावलं टाकली आणि थांबली. गेल्या वर्षभरात तिचे पाय जड झालेत, हे तुला माहीत आहे. मी म्हणालो, मग दोघंही इथेच बसू. ती इतकी संतापली की टॅक्सीवाला दचकला. "बत्तीस तास प्रवास मी तुझ्याजवळ बसायला केला नाही. चढ!"

टॅक्सीवाल्याचा हात धरून, बॅटरीच्या उजेडात मी चढलो. अर्धा तास लागला. वर वारा होता. बॅटरी विझवली. आधी काहीच नव्हतं. मग बेटाच्या दोन उंचवट्यांच्या मधे, समुद्राच्या अगदी वर, एक ठिपका. ज्याला माहीत नाही त्याला दिसला नसता.

मी खाली ओरडलो, "सुलेखा, दिसला!"

खालून आवाज आला, "कसा आहे?"

"फिका! तांबडा, मरतुकडा! आत्ता विझेल असा!"

मला वाटलं माझा आवाज वाऱ्यात हरवला. मग ती म्हणाली, "बघ तू. मी बसलेय."

कौमुदी, तो बुडायला पाऊण तास लागला. मी एकदाही नजर काढली नाही. आणि तो पाऊण तास ती खाली दगडाच्या पायरीवर, गार वाऱ्यात, मी होतो त्या डोंगराकडे तोंड करून बसून होती, आणि दर थोड्या वेळाने ओरडून विचारत होती, "आहे?" आणि मी सांगत होतो, "आहे."

तुझे,
बाबा